आयसीयूतून घरी आल्यावर : पेज पाजण्याआधी

■ स्नायूंची झीज किती? २०१३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश अभ्यासात अतिगंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू १० दिवसांत सरासरी १७.७ टक्के आटला होता.

■ गिळताना त्रास का? व्हेंटिलेटरची नळी स्वरयंत्रातून जाते. ती काढल्यावर घसा सुजलेला, बधिर असू शकतो. गिळण्याचे स्नायूही अशक्त होतात. मग पाणी श्वासनलिकेत उतरतं. कधी कधी ठसकाही लागत नाही आणि थेट न्यूमोनिया होतो.

■ खुणा : पाणी प्यायल्यावर आवाज घरघरणे, घास गालातच राहणे, जेवताना धाप, वारंवार ताप.

■ घरी काय कराल? घोटी-इगतपुरीच्या भातपट्ट्यात आजाऱ्याला आधी पेज देतात. पण पातळ पेज घशातून झरकन उतरते, म्हणून तीच जोखमीची. ती किती दाट हवी, ते स्पीच थेरपिस्टला विचारा. आडवं ठेवून पाजू नका. ताठ बसवा, छोटा चमचा द्या, एक घोट उतरल्यावरच दुसरा. जेवणानंतर अर्धा तास बसू द्या.

■ डिस्चार्जआधी विचारा : गिळण्याची तपासणी झाली का? व्यायाम कोणते? प्रथिनं किती? धामणगावचं एसएमबीटी रुग्णालय असो वा नाशिकचं एखादं, उत्तरं कागदावर लिहून घ्या.