सोन्याच्या लाल पाण्याचा हिशेब

नॅनोतंत्रज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयांत एक प्रात्यक्षिक बहुतेक ठिकाणी आढळतं. क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं द्रावण उकळायचं, ढवळत ढवळत त्यात सोडियम सायट्रेट घालायचं आणि थांबायचं. पिवळी झाक जाते, पाणी काळपट-निळं होतं आणि काही मिनिटांत डाळिंबाच्या रसासारखं लालभडक दिसू लागतं. सोन्याचे १५ ते २० नॅनोमीटरचे कण तयार झालेले असतात. जॉन टर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडलेली ही कृती. वर्णपटमापीवर ५२० नॅनोमीटरच्या आसपासचं शिखर नोंदवलं की वह्या मिटतात. शाश्वततेचं शिक्षण खरं तर इथून पुढे सुरू व्हायला हवं. अभ्यासक्रमाच्या शेपटाला पर्यावरणाचं एक प्रकरण जोडून ते होणार नाही. भांड्यात काय गेलं, कणांत किती उतरलं आणि मोरीत किती वाहून गेलं, हे त्याच टेबलावर मोजावं लागेल.

रसायनं बदलण्याचा धडा जुना आहे आणि मोलाचाही. फॅरेडेनं १८५७ मध्ये लाल सोनं बनवलं ते फॉस्फरस आणि कार्बन डायसल्फाइड वापरून. पुढे फॉस्फिनचं आवरण असलेले अतिसूक्ष्म कण बनवायला बेन्झिन आणि डायबोरेन लागत; ओरेगन विद्यापीठातल्या जिम हचिसन यांच्या गटानं २००० मध्ये सोडियम बोरोहायड्राइडवर काम भागवून दाखवलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटानं तर जिरॅनियम, कडुनिंब आणि गवती चहाच्या पानांकडून हे काम करून घेतलं. गवती चहानं सोन्याचे चपटे त्रिकोणी स्फटिक दिले. हे संशोधन अस्सल होतं. पण पानाचा अर्क वापरला म्हणजे कृती आपोआप हरित झाली, असं विद्यार्थ्याच्या मनात ठसलं तर ते घातक आहे. अर्काचा गुण ऋतूगणिक, जागेगणिक बदलतो. शिवाय व्हर्जिनिया टेकमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा कृतींचा जीवनचक्र-हिशेब मांडला, तेव्हा ऊर्जेचा सिंहाचा वाटा खुद्द सोन्याचाच निघाला. खाणीतून काढून शुद्ध केलेलं सोनं निम्मं वाया घालवणारी कृती केवळ कडुनिंबामुळे निर्मळ ठरत नाही.

म्हणून सोनं परत मिळवणं हा प्रात्यक्षिकाचाच भाग हवा. लाल पाण्यात मीठ टाकलं की कणांवरच्या ऋणभाराची परस्परांना दूर ठेवण्याची ताकद ओसरते, कण एकमेकांना चिकटतात, रंग निळसर होतो आणि सोनं हळूहळू तळाशी बसतं. प्रगत वर्गांना पुढची वाटही आहे: तळाशी बसलेलं सोनं पुन्हा विरघळवून वेगळं काढण्याची. पोटॅशियम टेट्राब्रोमोऑरेट या सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन घातलं की सोनं साक्याच्या रूपानं झटकन वेगळं होतं, हे फ्रेझर स्टॉडार्ट यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं. नॅनोकचऱ्यातलं सोनं काढायलाही ही युक्ती वापरली गेली आहे.

आधी मूलभूत विज्ञान पक्कं होऊ द्या, हिशेब नंतर, असं काही प्राध्यापक म्हणतात. अभ्यासक्रम आधीच ओसंडून वाहतोय, ही त्यांची तक्रार रास्तच आहे. पण मिठानं कण का गोठतात, हा प्रश्न कलिल रसायनाच्या गाभ्यातला आहे. तो शिकवताना मूलभूत विज्ञान मागे पडत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही ही अडचणही इथे आड येत नाही, कारण रंगबदल नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि मीठ कुठेही मिळतं. बदलायची आहे ती गुणपत्रिका: आकाराला जितके गुण, तितकेच परत मिळालेल्या सोन्याच्या वजनाला.