पंचतारांकित पाहुणचार : तारे मोजण्याआधी वाट मोजावी

घरात मंगलकार्य ठरले की पहिला प्रश्न मुहूर्ताचा असतो आणि दुसरा पाहुण्यांच्या उतरण्याचा. एके काळी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चाळीतच सापडत असे. शेजारच्या बिऱ्हाडातील खोली मोकळी केली जाई, गच्चीवर गाद्या पडत आणि गावाहून आलेली मंडळी आठवडाभर तेथेच नांदत. आता मुंबईतील दोन खोल्यांच्या सदनिकेत चार पाहुणेही मावत नाहीत. शिवाय परदेशात स्थायिक झालेला भाऊ, मुलाचे परप्रांतीय सासरे, कंपनीचे वरिष्ठ अधिकारी अशा पाहुण्यांसाठी उत्तम हॉटेल पाहणे हाही आता पाहुणचाराचाच भाग मानला जातो. ऐपत असलेले यजमान म्हणूनच पंचतारांकित हॉटेलकडे वळतात. बहुतेकांची चूक मात्र येथेच होते. ते हॉटेल पाहतात, तेथवरची वाट पाहत नाहीत.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरातील एका लग्नात हीच चूक आमच्या हातून घडली. हॉटेल नामांकित होते आणि दरही तसाच होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या कोकणकन्या एक्स्प्रेसने पहाटे उतरली आणि साडेसहाला हॉटेलात पोहोचली. खोली दुपारी दोनला मिळेल, असे तिला नम्रपणे सांगण्यात आले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली ती बाई सकाळभर दिवाणखान्यातील मऊ सोफ्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी हॉटेल ते कार्यालय हे नऊ किलोमीटरचे अंतर कापायला दीड तास लागला आणि ती पोहोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. आत्याने तक्रार केली नाही. ‘तिथली फुलं मात्र छान होती हो,’ एवढेच ती म्हणाली. ते वाक्य आम्हाला अजून बोचते.

हॉटेलांचा नकाशा म्हणजे पाहुण्यांचा इतिहास

मुंबईतील आलिशान हॉटेले कोठे उभी राहिली हे नीट पाहिले, तर निवडीचे सूत्र आपोआप हाती येते. जमशेदजी टाटांचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली अपोलो बंदरावर सुरू झाले. त्या काळी बडा पाहुणा आगबोटीने येत असे, म्हणून हॉटेलही समुद्राशेजारी आले. गेट वे ऑफ इंडिया तर त्यानंतर दोन दशकांनी, १९२४ साली पूर्ण झाले. पुढे कचेऱ्या नरीमन पॉइंटला गेल्या, तशी ओबेरॉयची हॉटेले तेथे उभी राहिली. पाहुणा विमानाने येऊ लागला, तेव्हा सहार परिसराचे दिवस पालटले. तेथे १९८६ साली लीला आणि २००१ साली आयटीसी मराठा सुरू झाले. गिरण्या बंद पडल्यावर परळ-वरळीच्या जमिनींवर टॉवर आले आणि त्यांच्यासोबत फोर सीझन्स व सेंट रेजिससारखी हॉटेले आली. वांद्रे-कुर्ला संकुलात बँका, हिरेबाजार आणि अमेरिकी वकिलात आली, तसेच ट्रायडंट व सोफिटेलही तेथे पोहोचले.

याचा अर्थ स्पष्ट आहे. प्रत्येक परिसरातील हॉटेल एका विशिष्ट प्रकारच्या पाहुण्यासाठी उभारले गेले आहे. आपला पाहुणा त्या प्रकारात बसतो का, हे आधी ठरवावे. केंद्रीय पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारांकन देते ते तेथील खोल्या, सुविधा आणि सेवा तपासून. ते हॉटेल आपल्या कार्यालयापासून किती दूर आहे, हे तारे सांगत नाहीत.

चार परिसर, चार प्रकारचे पाहुणे

कुलाबा-नरीमन पॉइंट : मुंबई पाहायला आलेला परदेशी पाहुणा, फोर्ट किंवा मंत्रालयात काम असलेला अधिकारी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरणारी मंडळी यांना हा भाग सोयीचा. आंतरराष्ट्रीय विमानतळ मात्र येथून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. मध्यरात्री हे अंतर पाऊण तासात कापले जाते. संध्याकाळी त्यासाठी दीड तास हाताशी ठेवावा.

परळ-लोअर परळ-वरळी : कार्य दादर, माटुंगा, माहीम किंवा प्रभादेवीला असेल तर हा परिसर सर्वांत जवळचा. येथे एक पथ्य पाळावे. हॉटेल आणि कार्यालय रेल्वेरुळांच्या एकाच बाजूला आहेत का, ते पाहावे. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारे अंतर मध्ये पूल ओलांडावा लागला की भलतेच वाढते. प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला, तेव्हा परळकरांना याचा पुरेपूर अनुभव आला.

वांद्रे-कुर्ला संकुल, कलिना आणि वांद्रे : व्यावसायिक बैठका, प्रदर्शने, व्हिसाची मुलाखत यांसाठी येणाऱ्यांना हा भाग उत्तम. शहराच्या मध्यावर असल्याने काही पाहुणे विमानाने आणि काही रेल्वेने येणार असतील, तर तडजोड म्हणूनही तो चांगला ठरतो. मात्र कचेऱ्या सुटण्याच्या वेळी संकुलातून बाहेर पडणे हे संयमाची परीक्षा घेणारे असते.

सहार-सांताक्रूझ : एका रात्रीचा मुक्काम, अपरात्रीचे विमान किंवा पार्ले-अंधेरीतील कार्य यांसाठी हा परिसर निवडावा. येथे टर्मिनलची खात्री करून घ्यावी. टर्मिनल एक सांताक्रूझच्या बाजूला आहे, तर टर्मिनल दोन सहारला. दोन्हींच्या नावात विमानतळ एकच असला तरी रस्त्याने ती ठिकाणे वेगळी आहेत. त्यात आता नवी मुंबई विमानतळाची भर पडली आहे. तेथून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्यामुळे पाहुण्याच्या तिकिटावर ‘बीओएम’ आहे की ‘एनएमआय’, हे पाहिल्याशिवाय सहारचे हॉटेल घेऊ नये.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये

गेल्या काही वर्षांत शहरातील वाटा बदलल्या आहेत आणि जुने ठोकताळे त्यामुळे चुकू लागले आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला. सागरी किनारा मार्ग २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन त्याला जोडला गेला. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण धावू लागली. या मार्गावर दोन्ही विमानतळ टर्मिनल, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, चर्चगेट आणि विधान भवन अशी स्थानके आहेत. हलके सामान असलेल्या तरुण पाहुण्याला सहारहून नरीमन पॉइंटला जाण्यासाठी आता मोटारीची गरज उरलेली नाही. मात्र मेट्रो रात्रभर धावत नाही, त्यामुळे मध्यरात्री उतरणाऱ्या पाहुण्याला तिचा उपयोग नाही.

बाहेरगावच्या पाहुण्यांना ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे रिक्षा. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत. सागरी सेतूवर रिक्षा व दुचाकींना मनाई आहे. उपनगरांत रिक्षा असल्या तरी अनेक मोठ्या हॉटेलांत त्यांना पोर्चपर्यंत येऊ देत नाहीत आणि पाहुण्याला फाटकापासून आत चालत जावे लागते. पुण्या-नागपूरहून येणाऱ्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवणे बरे.

हॉटेल नक्की करण्यापूर्वी एक साधी चाचणी घ्यावी. कार्य ज्या वारी आणि ज्या वेळी आहे, त्याच वारी त्याच वेळी आपण स्वतः हॉटेलपासून कार्यालयापर्यंत मोटारीने जाऊन पाहावे. जो वेळ लागेल त्यात अर्ध्या तासाची भर घालावी. मुहूर्त त्यानंतरही गाठता येत असेल, तरच खोल्या आरक्षित कराव्यात.

घड्याळाचा घोळ

मोठ्या हॉटेलांत खोलीचा ताबा साधारणतः दुपारी दोन किंवा तीन वाजता मिळतो आणि दुपारी बाराच्या सुमारास ती सोडावी लागते. आपले पाहुणे मात्र या घड्याळाप्रमाणे येत नाहीत. युरोप-अमेरिका आणि आखातातून येणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर उतरतात. विदर्भ एक्स्प्रेस, कोकणकन्या यांसारख्या गाड्या सकाळी मुंबईत पोहोचतात. लवकर ताबा मिळेल, असे दूरध्वनीवरील आश्वासन बहुधा ‘खोली मोकळी असल्यास’ या अटीसह असते. वृद्ध किंवा लहान मूल असलेल्या पाहुण्यांसाठी आदल्या रात्रीपासूनच खोली घ्यावी. एका रात्रीचे भाडे अधिक जाते हे खरे. परंतु पाहुणचारासाठीच एवढा खर्च करायचा, तर तो पहिल्या तासापासून व्हावा. सर्वांसाठी ते परवडत नसेल तर एक खोली आदल्या रात्रीपासून घ्यावी आणि पहाटे येणाऱ्यांनी तेथे आंघोळ-विश्रांती उरकावी. मात्र एका खोलीत किती जणांना मुभा आहे, हे आधी विचारून घ्यावे.

दारापासून पलंगापर्यंत

हॉटेलपर्यंतची वाट सोपी झाली तरी आतली वाट उरतेच. पर्यटन मंत्रालयाच्या निकषांनुसार पंचतारांकित हॉटेलात दिव्यांग पाहुण्यांसाठी किमान एक खोली असावी लागते. तिचे दार किमान एक मीटर रुंद असावे, फर्निचर कमी उंचीचे असावे, स्नानगृहात चाकाची खुर्ची जावी आणि आधाराचे दांडे असावेत, अशी अपेक्षा असते. ‘किमान एक’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. शेकडो खोल्यांच्या हॉटेलात अशा खोल्या मोजक्याच असतात आणि लग्नसराईत त्या लवकर जातात. म्हणून आरक्षण करतानाच ती खोली लेखी मागून घ्यावी.

ज्यांना चाकाची खुर्ची लागत नाही पण पायऱ्या जड जातात, असे पाहुणे आपल्या घरांत अधिक असतात. त्यांच्यासाठी पुढील प्रश्न विचारावेत. पोर्चपासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत? उतार असल्यास तो मुख्य दाराशी आहे की मागच्या, सामानाच्या दाराशी? उताराचे प्रमाण एकास बारा असणे योग्य मानतात, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. याहून उभ्या उतारावर खुर्ची ढकलणाऱ्याचीच दमछाक होते. स्नानगृहात शॉवर वेगळा आहे की टबात चढून आंघोळ करावी लागते? टबाची कड ओलांडताना पाय घसरला, तर लग्नघराचे रुग्णालय व्हायला वेळ लागत नाही. समारंभाचा हॉल हॉटेलातच असेल तर खोलीपासून हॉलपर्यंत लिफ्टने जाता येते का, हेही चालून पाहावे.

भेटायला येणाऱ्यांचे काय?

हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला भेटायला आणखी पाहुणे येतात. आपल्याकडे तर अमेरिकेहून आलेल्या भावाला भेटायला अर्धे गणगोत लोटते. २००८ च्या नोव्हेंबरमधील दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईतील मोठ्या हॉटेलांची सुरक्षा आमूलाग्र बदलली. मोटारीची तपासणी, सामानाचे एक्स-रे, धातुशोधक चौकट हे सर्व आता नित्याचे आहे आणि त्याबद्दल कुरकुर करणे योग्य नाही. फक्त तो वेळ हिशेबात धरावा. वीस जणांची वऱ्हाडी मंडळी एकदम आली, तर आत जायलाच पंधरा मिनिटे लागू शकतात. बाहेरच्यांनी खोलीत जाण्यासाठी अनेक ठिकाणी ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते आणि रात्री ठरावीक वेळेनंतर ती मुभा नसते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगांची माहिती हॉटेलला २४ तासांत अधिकाऱ्यांना कळवावी लागते. तेव्हा पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड सामानाच्या तळाशी नव्हे, हाताशी असावे.

ऋतू, सण आणि खिसा

जून ते सप्टेंबर या काळात वाटेतील सखल जागा पाहूनच हॉटेल ठरवावे. अंधेरी आणि मिलन भुयारी मार्ग किंवा किंग्ज सर्कलजवळचे गांधी मार्केट यांची नावे प्रत्येक मुंबईकराला पाठ आहेत, पाहुण्यांना नाहीत. गणेशोत्सवात लालबाग-परळची आणि विसर्जनाच्या दिवशी गिरगावची वाट टाळावी. जानेवारीतील मॅरेथॉनच्या रविवारी दक्षिण मुंबईतील बरेच रस्ते सकाळी बंद असतात.

खर्चाचा विचार करताना जाहिरातीतील दर हा अंतिम दर समजू नये. दिवसाला साडेसात हजार रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. दूरच्या स्वस्त खोलीत वाचलेले पैसे मोटारींच्या फेऱ्यांत जातात, हेही यजमानांनी कागदावर मांडून पाहावे. दहा पाहुणे, तीन दिवस आणि रोज दोन फेऱ्या एवढा हिशेब केला, तरी जवळचे हॉटेल फारसे महाग पडत नाही, असे अनेकदा दिसून येते.

शेवटी, संगमरवरी दिवाणखाना आणि समुद्राचे दृश्य यांचे कौतुक पाहुणा पहिल्या दिवशी करतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात राहते ते वेळेवर पोहोचलो का, पाय दुखले का, आपली माणसे भेटली का. त्यामुळे हॉटेल निवडण्यापूर्वी घरातील सर्वांत वयोवृद्ध पाहुण्याला डोळ्यांसमोर आणावे आणि गाडीतून उतरल्यापासून अक्षता टाकेपर्यंतची त्याची वाट मनातल्या मनात चालून पाहावी. ती जेथे अडते, तेथे तारे कितीही असोत, ते हॉटेल आपले नव्हे.