ऑर्कुट ते रील्स : सोशल नेटवर्किंगच्या स्पर्धेत आपली जागा कोणती?

आज कोणत्याही तालुक्यातल्या मंडळाला कार्यक्रमाची माहिती द्यायची असेल, तर पत्रिका छापून येण्याआधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडलेला असतो. कार्यक्रमाचे फोटो फेसबुकवर जातात. भाषणाचा एक मिनिटाचा तुकडा रील होऊन इन्स्टाग्रामवर फिरतो. तीन वेगवेगळी माध्यमे आपण वापरतो असे आपल्याला वाटते, पण या तिन्हींची मालक एकच आहे, अमेरिकेतली मेटा कंपनी. इतक्या माणसांचे बोलणे, फोटो आणि नातेसंबंध एकाच कंपनीकडे कसे गेले? तिच्याशी स्पर्धा करणारे कुठे गेले? आणि या स्पर्धेचा आपल्यासारख्या कार्यकर्त्यांशी काय संबंध? हे समजून घेणे गरजेचे आहे.

जाळे वाढते कसे?

किराणा दुकानात गिऱ्हाईक वाढले म्हणून आपण नेलेल्या साखरेची गोडी वाढत नाही. सोशल नेटवर्किंग साईटचे तसे नाही. तिथे येणारा प्रत्येक नवा माणूस आधीच्या सगळ्यांसाठी त्या साईटचे मोल वाढवतो. हिशेब सोपा आहे. दहा माणसे एकमेकांशी जोडली गेली तर ४५ जोड्या होतात. वीस माणसे असतील तर १९० जोड्या होतात. माणसे दुप्पट झाली, पण जोड्या चौपटीहून अधिक झाल्या. याला नेटवर्क इफेक्ट म्हणतात.

म्हणूनच इथे चांगली साईट जिंकते असे नाही, जिथे आपली माणसे आहेत ती साईट जिंकते. उद्या व्हॉट्सअॅपपेक्षा उत्तम अॅप आले तरी आपण एकटे तिकडे जाऊन काय करणार? आई, मामा, कॉलेजचे मित्र, वस्तीतला ग्रुप सगळे इकडेच असतात. आपल्याला साईट धरून ठेवत नाही, आपली माणसेच आपल्याला धरून ठेवतात. कंपनीचे खरे भांडवल हे आहे, आणि ते आपण फुकट पुरवलेले आहे.

पण हाच नियम उलटाही चालतो. माणसे निघू लागली की जाळे तितक्याच वेगाने उसवते. २००२ मध्ये सुरू झालेली फ्रेंडस्टर ही साईट वापरणारे वाढताच इतकी संथ झाली की पान उघडायची वाट पाहून लोक कंटाळले आणि दुसरीकडे गेले. २००३ मध्ये आलेली मायस्पेस काही वर्षे जगातली सर्वांत मोठी सोशल साईट होती. २००५ मध्ये रुपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पने ती ५८ कोटी डॉलरला घेतली. २०११ मध्ये ती सुमारे साडेतीन कोटी डॉलरला विकावी लागली. सहा वर्षांत एवढी घसरण झाली, कारण माणसे फेसबुककडे गेली होती.

ऑर्कुट आपल्याकडे का हरले?

तिशी ओलांडलेल्या वाचकांना ऑर्कुट आठवत असेल. गुगलने जानेवारी २००४ मध्ये ते सुरू केले आणि ब्राझील व भारत या दोन देशांत ते सर्वाधिक चालले. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून स्क्रॅप लिहिणारी, मित्रांकडून टेस्टिमोनियल मागून घेणारी एक पिढी त्यावर वाढली. गावाच्या, कॉलेजच्या, विचारांच्या नावाने कम्युनिटी निघाल्या. परगावी शिकायला गेलेल्या अनेक तरुणांना आपल्यासारखा विचार करणारी माणसे पहिल्यांदा तिथेच भेटली.

फेसबुक त्याच वर्षी फेब्रुवारीत हार्वर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाले. सप्टेंबर २००६ मध्ये ते तेरा वर्षांवरील सर्वांसाठी खुले झाले. त्याच महिन्यात फेसबुकने न्यूज फीड आणले. ऑर्कुटवर मित्राचे काय चालले आहे हे पाहायला त्याच्या पानावर जावे लागे. फेसबुकने सगळ्या मित्रांच्या घडामोडी एकाच ठिकाणी समोर आणून ठेवल्या. २००९ मध्ये लाईकचे बटन आले. काही लिहायचे नसले तरी हजेरी लावता येऊ लागली. २०१० च्या मध्याला भारतातही फेसबुक ऑर्कुटच्या पुढे गेले.

३० सप्टेंबर २०१४ ला गुगलने ऑर्कुट बंद केले. आपले फोटो आणि मजकूर उतरवून घेण्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. ज्यांना हे कळले नाही, ज्यांचा पासवर्ड हरवला होता, त्यांचे तिथले सगळे गेले. किती चर्चा, किती सभांचे फोटो, किती जणांचे पहिले लेखन त्यात बुडाले याची नोंद कुठेच नाही. साईट बंद करण्यापूर्वी आपल्याला कोणी विचारले नाही, कारण जागा आपली नव्हती.

पैसा ओतला की जाळे उभे राहते असेही नाही. गुगलने २०११ मध्ये फेसबुकशी टक्कर घ्यायला गुगल प्लस आणले. गुगलसारख्या श्रीमंत कंपनीलाही माणसांची सवय मोडता आली नाही. एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी तेही बंद झाले.

फुकट सेवेसाठी एवढी लढाई कशाला?

आपण एक रुपयाही देत नाही, मग या कंपन्या कमावतात कशावर? जाहिरातींवर. २०२३ मध्ये मेटाच्या एकूण उत्पन्नातला ९७ टक्क्यांहून अधिक वाटा जाहिरातींचा होता. जाहिरातदाराला विकला जातो तो आपला वेळ आणि आपल्याविषयीची माहिती. दिवसाचे तास चोवीसच आहेत, म्हणून आपल्या एकेका मिनिटासाठी कंपन्या भांडतात.

या भांडणात मेटाने दोन मार्ग वापरले. पहिला मार्ग, वाढणारा स्पर्धक विकत घेणे. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम १०० कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले. तेव्हा त्या कंपनीत फक्त १३ माणसे काम करत होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉट्सअॅपसाठी १,९०० कोटी डॉलरचा सौदा जाहीर झाला. व्हॉट्सअॅपचे तेव्हा सुमारे ४५ कोटी वापरकर्ते होते. किंमत मोजली गेली ती या माणसांची.

दुसरा मार्ग, जो विकत मिळत नाही त्याची नक्कल करणे. स्नॅपचॅटने विकायला नकार दिला. मग त्याचीच २४ तासांत पुसली जाणारी स्टोरी ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामवर आली. पुढे व्हॉट्सअॅपचे स्टेटसही त्याच धर्तीवर बदलले. रोज सकाळी आपण टाकतो ते स्टेटस या स्पर्धेतूनच आले आहे.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२० मध्ये फेसबुकवर मक्तेदारीचा खटला भरला. स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणे बरे, अशा अर्थाचा झुकेरबर्ग यांचा २००८ चा ईमेल त्यात पुराव्यादाखल पुढे आला. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल मेटाच्या बाजूने लागला. टिकटॉक आणि यूट्यूबशी मेटाची स्पर्धा आहे, त्यामुळे आज तिची मक्तेदारी सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

भारत हे मोठे मैदान

या सगळ्यात भारत बाजूला नव्हता. फेसबुकने इथे फ्री बेसिक्स आणले. म्हणजे ठरावीक साईट्स फुकट, बाकीच्या इंटरनेटला पैसे. गरिबांना इंटरनेट मिळेल, असा प्रचार झाला. पण कोणत्या साईट्स फुकट पाहायच्या हे कंपनी ठरवणार होती. देशभरातून विरोध झाला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने अशा भेदभावाच्या दरांना मनाई केली. नागरिकांनी पत्रे लिहून, ईमेल पाठवून बदल घडवल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. वस्तीतल्या अनेकांसाठी इंटरनेटची ओळख व्हॉट्सअॅपपासूनच झाली. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवून ९.९९ टक्के हिस्सा घेतला. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. टिकटॉकवर नाव कमावलेल्या खेड्यापाड्यांतल्या, मोलमजुरी करणाऱ्या घरांतल्या पोरापोरींचे प्रेक्षक एका रात्रीत गेले. त्यांना ते बरोबर नेता आले नाहीत. देशी पर्याय म्हणून गाजावाजा झालेले कू हे अॅपही जुलै २०२४ मध्ये बंद पडले.

टिकटॉकने आणखी एक बदल घडवला. पूर्वी आपल्याला मित्रांचे लिखाण दिसायचे. आता अल्गोरिदम निवडेल ते दिसते. वर सांगितलेल्या खटल्याच्या निकालात नोंद आहे की अमेरिकेतले लोक फेसबुकवरच्या वेळेपैकी फक्त १७ टक्के आणि इन्स्टाग्रामवरच्या वेळेपैकी ७ टक्के वेळ मित्रांचे काही पाहण्यात घालवतात. संघटनेच्या पेजला दहा हजार फॉलोअर्स आहेत म्हणजे पोस्ट दहा हजारांपर्यंत जाते, या भ्रमात आपण राहू नये. ज्याने माणूस स्क्रीनवर खिळून राहतो ते पुढे जाते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख सांगणारी साधी पोस्ट त्यात मागे पडते.

आपण काय करावे?

मोबाईलचे उदाहरण घ्या. जानेवारी २०११ पासून देशभरात नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमकार्डांवरून आपण एकमेकांशी बोलूही शकतो. कंपन्यांनी हे आपणहून दिले नाही, नियमाने द्यावे लागले. सोशल नेटवर्कवरून मात्र आपले फॉलोअर्स घेऊन बाहेर पडता येत नाही. युरोपीय संघाने व्हॉट्सअॅपला इतर मेसेजिंग अॅप्ससाठी दार उघडण्याचे बंधन घातले आहे. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने व्हॉट्सअॅपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून मेटाला नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटी रुपयांचा दंड केला आणि मेटा त्याविरुद्ध अपिलात गेली. हा विषय फक्त वकिलांचा नाही. फ्री बेसिक्सच्या वेळी लोक बोलले, तसे इथेही बोलले पाहिजे.

तोवर आपल्या हातात असलेली कामे करू या. प्रत्येक संघटनेने आपल्या सभासदांची नावे, नंबर आणि गाव यांची स्वतंत्र वही किंवा फाईल ठेवावी. ती जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी आणि सभासदांच्या संमतीशिवाय, विशेषतः महिलांचे नंबर, कोणाला देऊ नयेत. कार्यक्रमाच्या मूळ फोटोंवर तारीख, ठिकाण आणि नावे लिहून ते दोन ठिकाणी जपावेत, कारण व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोचा दर्जा कमी होतो. महत्त्वाचा लेख आधी आपल्या वेबसाईटवर किंवा छापील अंकात यावा आणि फेसबुकवर त्याची लिंक जावी. दर सहा महिन्यांनी आपल्या खात्याचा डेटा उतरवून घ्यावा. ती सोय सेटिंगमध्ये असते.

फेसबुक, इन्स्टाग्राम सोडा असे मी म्हणत नाही. लोक तिथे आहेत, तर आपणही तिथे असले पाहिजे. पण भाड्याच्या हॉलमध्ये सभा घेताना हजेरीची वही आपण हॉलमालकाकडे सोडून येत नाही. इतकी सावधगिरी इथेही बाळगली, तर उद्या कोणतीही साईट बंद पडली किंवा विकली गेली, तरी आपली माणसे आपल्याला पुन्हा सापडतील.