आपल्या किनाऱ्याचे परमवीर : मेजर राम राघोबा राणे



जून लागला की होड्या वर ओढल्या जातात, जाळी अंगणात येतात आणि गप्पांना जरा वेळ मिळतो. याच महिन्यात, २६ जूनला, मेजर राम राघोबा राणे यांची जयंती असते. कारवारजवळच्या चेंडिया गावचे ते. मच्छीमारांच्या पेजवर फौजी माणूस कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणून आधी थोडं आपल्या कामरेजचं सांगतो.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात आपल्या आखाताचं वर्णन आहे. आखाताच्या तोंडाशी कम्मोनी नावाचं गाव आणि त्याच्यासमोर पाण्याखाली धोक्याची खडकाळ रांग. कम्मोनी म्हणजे आपलं कामरेज, असं काही अभ्यासक मानतात. परकी जहाजं तिथे फुटू नयेत म्हणून राजाच्या चाकरीतले इथले मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन सामोरे जायचे. भरतीला जहाज पुढे काढायचं, ओहोटीला नांगर टाकायचा, असं करत त्यांना भरूचपर्यंत सुखरूप न्यायचे. आपण पुढे राहायचं आणि मागच्याला वाट दाखवायची. राणे साहेबांनी हेच काम केलं, फक्त पाण्यात नाही, डोंगरात.

जन्म १९१८ चा. वडील पोलिसात शिपाई, सारख्या बदल्या, त्यामुळे पोराची शाळा कधी धड झालीच नाही. १० जुलै १९४० ला, बावीस वर्षांचे असताना, ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, रस्ते काढणारे, सुरुंग उचलणारे जवान. दुसऱ्या महायुद्धात त्यांची तुकडी ब्रह्मदेशच्या बाजूला आराकानात होती. सैन्य मागे हटताना बुथिडाँगला काही जणांना मागे ठेवलं होतं, शत्रूच्या हाती लागू नये असं सगळं उडवून द्यायला. काम झाल्यावर त्यांना जहाजाने न्यायचं ठरलं होतं, पण तसं झालं नाही. नदीवर जपान्यांचा पहारा. तरी ही मंडळी ती नदी पार करून आपल्या सैन्याला जाऊन मिळाली. त्यात राणे होते.

१५ डिसेंबर १९४७ ला ते सेकंड लेफ्टनंट झाले आणि चारच महिन्यांत काश्मीरात नौशेरा-राजौरी रस्त्यावर उभे होते. राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या. ८ एप्रिल १९४८, सकाळी अकराची वेळ. काम सुरू करायच्या आधीच तोफगोळे पडले. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. ते मागे गेले नाहीत. उरलेल्यांना गोळा करून कामाला लागले ते रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला परत सुरू. संध्याकाळी पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. अंधार पडला म्हणून रणगाडे थांबवावे लागले. तिसऱ्या दिवशी पावणेपाचला उठून साडेसहाला तोच अडथळा मोकळा! चौथ्या दिवशी अकराच्या आत रस्ता चिंगसपर्यंत खुला झाला, तरी साहेब रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता करतच होते. चालत्या रणगाड्याखाली रांगत जाऊन, दोरीने ड्रायव्हरला इशारे देत त्यांनी वाट काढली, असंही सांगतात. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत पोचलं.

यासाठी परमवीर चक्र. आजवर ते २१ जणांना मिळालंय, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर. राणे साहेब उरलेल्या सातांतले. त्या चार दिवसांनंतर ते ४६ वर्षं जगले, आणि आम्हाला ही वर्षंही तितकीच महत्त्वाची वाटतात. आपल्याकडे शहीदाला हार घालतात, ते योग्यच आहे. पण जो परत येतो, नोकरी करतो, घर चालवतो, त्याला गाव लवकर विसरतं.

लग्न झालं १९५५ साली, म्हणजे छत्तिशीत. मेजर म्हणून १९६८ ला निवृत्त झाले, तरी पुन्हा नेमणूक घेऊन १९७१ पर्यंत सेवेत राहिले. फौजी घर आणि होडीवरचं घर यांत फार फरक नाही. माणूस बाहेर, मागे पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं, उधारी, सगळं बाईच्या अंगावर. आपल्या बायकांना हे सांगायला नको. उरलेलं आयुष्य साहेबांनी पुण्यात घरच्यांसोबत काढलं.

आता दर्यावरची गोष्ट. शिपिंग कॉर्पोरेशनने परमवीरांची नावं आपल्या तेलवाहू जहाजांना दिली. ८ ऑगस्ट १९८४ ला 'लेफ्टनंट राम राघोबा राणे, पीव्हीसी' हे जहाज ताफ्यात आलं आणि पुढे पंचवीस वर्षं चाललं. बहुतेक जहाजांवर गेलेल्या माणसाचं नाव असायचं. हा नावाचा धनी तेव्हा पुण्यात हयात होता, सहासष्ट वर्षांचा. आपण होडीला आईचं, पोरीचं, देवाचं नाव देतो. ज्याच्या नावाचं जहाज दर्यात फिरतंय त्या माणसाला काय वाटत असेल, याची कल्पना आपल्यालाच जास्त येईल.

११ जुलै १९९४ ला पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये ते गेले, वय ७६. २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक बेट त्यांच्या नावाचं आहे.

कुणाची गाडी किंवा बोट कारवारला गेली, तर रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर आयएनएस चपळ ही युद्धनौका ठेवलेली आहे, तिथे जा. राणे साहेबांचा पुतळा तिथेच आहे. पोरांना सोबत न्या, आणि फोटो काढलात तर इथे कमेंटमध्ये टाका.