रायपूरची राजधानी कोणती?

नकाशावरील सीमारेषा माणसानेच आखल्या आहेत. पण त्या कोणत्या न्यायाने आखाव्या, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. कोठे नदी सीमा ठरली, कोठे पर्वत, कोठे तलवार, तर कोठे भाषा. या साऱ्या वादांवर भूमितीने सुचविलेला एक उपाय वरकरणी फार सोपा वाटतो. जी राजधानी ज्या गावाला सर्वांत जवळ, तिच्याच अमलाखाली ते गाव असावे. यात पक्षपात नाही, इतिहासाची उकरणी नाही आणि फौजफाट्याचीही गरज नाही. पट्टी आणि गुण्या एवढी सामग्री पुरे!

ही रेषा काढण्याची रीत शालेय भूमितीतलीच आहे. शेजारच्या दोन राजधान्या सरळ रेषेने जोडाव्या, तिचा मध्यबिंदू काढावा आणि तेथे लंब उभा करावा. लंबाच्या एका अंगाचा प्रदेश एका राजधानीचा, दुसऱ्या अंगाचा दुसरीचा. सर्व शेजाऱ्यांच्या बाबतीत असे केले म्हणजे प्रत्येक राजधानीभोवती एक बहुभुज आकृती तयार होते. ग्यॉर्गी व्होरोनॉय या गणितज्ञाने १९०८ साली या आकृत्यांची शास्त्रीय मांडणी केली. म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. १९११ साली थीसन या हवामानशास्त्रज्ञाने हीच युक्ती पावसाच्या मोजणीस लावली. एका पर्जन्यमापकाची नोंद किती क्षेत्राला लागू धरावी, हे ठरविण्यास पाटबंधाऱ्यांचे अभियंते ती रीत आजही वापरतात.

आता हा न्याय जगातील देशांना लावून पाहावा. कोलकात्याला सर्वांत जवळची राष्ट्रीय राजधानी ढाका, पाटण्याला काठमांडू. यात फारसे नवल नाही. नवल आहे ते रायपूरचे. आकाशमार्गाने मोजले तर रायपूरहून नवी दिल्ली सुमारे ९३० किलोमीटर, आणि काठमांडू सुमारे ८१० किलोमीटर. म्हणजे छत्तीसगडचे हे मुख्य नगर नेपाळात जाईल! नागपूर मात्र दिल्लीस अधिक जवळ असल्यामुळे भारतात राहील. दोन राष्ट्रांची सीमा महानदीच्या आणि वैनगंगेच्या खोऱ्यांजवळून जाईल, आणि मुंबईहून हावड्यास जाणाऱ्या गाडीला वाटेत परराष्ट्र लागेल.

देशांतर्गत राज्यांना हाच न्याय लावला तर मराठी माणसाला आणखी काही धक्के बसतील. कोल्हापूर मुंबईहून सुमारे ३०० किलोमीटर, पण पणजीहून १४०. तेव्हा करवीरनगरी गोव्यात जाईल. नांदेड हैदराबादकडे वळेल. ज्या बेळगावासाठी महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा वाद इतकी वर्षे चालला आहे, ते दोघांपैकी कोणासही मिळणार नाही; तेही पणजीकडेच जाईल. आणि नागपूर? त्याला भोपाळ सुमारे २९० किलोमीटर, मुंबई ६९०, तर रायपूर केवळ २६५. म्हणून नागपूर रायपूरच्या अमलाखाली येईल.

या शेवटच्या निकालात इतिहासाचा मोठा उपरोध भरला आहे. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूरहूनच चालत असे. त्याआधीही छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. बिंबाजी भोसले रतनपुरास राहून राज्य करीत. पंडित रविशंकर शुक्ल हे रायपूरचे. पण मुख्यमंत्री म्हणून ते नागपुरास बसत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, छत्तीसगड नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. शुक्लजीच नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यांचे निधन झाले.

त्या दिवशी रायपूरकराचे राजधानीपासूनचे अंतर २६५ किलोमीटरांवरून सुमारे ४९० वर गेले. हे झाले आकाशमार्गाचे. नागपूरमार्गे आगगाडीने भोपाळला निघालेल्या प्रवाशाला आपली जुनी राजधानी ओलांडून नवीकडे जावे लागे. केवळ अंतरच पाहिले असते, तर रायपूर तेव्हा भुवनेश्वरला जोडावे लागले असते. ते भोपाळपेक्षा सुमारे ४० किलोमीटरांनी जवळ होते. परंतु भुवनेश्वरची भाषा ओडिया आणि रायपूरची छत्तीसगढी व हिंदी. याच प्रांतातला संबळपूर जिल्हा १९०५ साली भाषेच्याच कारणावरून ओडिशाच्या बाजूस गेला होता. कचेरीतील अर्जाची भाषा ज्याला समजत नाही, त्याला जवळची कचेरीही दूरच असते.

म्हणून भाषेला अंतरापेक्षा अधिक वजन मिळाले, आणि ते योग्यच झाले. तथापि अंतराची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही. बस्तरच्या रानातून एखाद्या कामासाठी भोपाळ गाठणाऱ्या माणसाची मजुरी बुडते, गाडीभाडे जाते आणि साहेब दौऱ्यावर असले तर खेप फुकट जाते. चव्वेचाळीस वर्षांनी, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगड वेगळे राज्य झाले. यात सीमा राजधानीकडे सरकली नाही. राजधानीच लोकांजवळ आली. उच्च न्यायालय मात्र रायपूरला न ठेवता बिलासपूरला ठेवण्यात आले. सत्तेची सारी ठाणी एकाच गावी असली पाहिजेत असे नाही, हे यावरून दिसते. नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरते, त्यामागेही हाच विचार आहे.

येथेच त्या भौमितिक न्यायाचे मर्म उघडे पडते. तो राजधानीला आधी गृहीत धरतो आणि माणसांना मागाहून वाटून देतो. राजधानी हलली की सीमाही हलणार. १९५६ साली रायपूर भुवनेश्वरचे, तर २००० साली नागपूर रायपूरचे! जमीन तीच, माणसे तीच. सरकारी दप्तर तेवढे हलले.

जेथे माणसांची वस्तीच नाही अशा समुद्रात या न्यायाला काही मान आहे. समोरासमोरच्या किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची मध्यरेषा १९५८ च्या जिनिव्हा कराराने सागरतळाच्या वाटणीसाठी मान्य केली. पण उत्तर समुद्राच्या खटल्यात १९६९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की, ही रेषा सर्वांवर बंधनकारक नाही. वाटणी न्याय्य झाली पाहिजे. पाण्याच्या बाबतीत जर एवढा विवेक करावा लागतो, तर वस्तीच्या भूमीवर तो किती करावा लागेल!

पट्टी आणि गुण्या निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. नकाशावर कोणते गाव आपल्या कचेरीपासून फार दूर पडले आहे, हे ती दाखवितात. तेवढे कळले म्हणजे पुढचा प्रश्न सीमेचा राहत नाही. गाव उचलून राजधानीकडे नेता येत नाही. कचेरी मात्र गावाकडे नेता येते.