पिशवी गेली, पण तिच्याबरोबर आणखी काय गेलं?

मार्गशीर्षातली रात्र. मालवणजवळच्या देवबागला खाडीवरून गार वारा येतो. घरातली माणसं डोक्यावरून चादरी ओढून झोपलेली आणि माझी मावशी पंखा पाचवर करून त्याच्याखाली बसलेली. ब्लाउज घामाने पाठीला चिकटलेला. जरा वेळाने तोच घाम थंड झाला की तिला हुडहुडी भरायची. मग पंखा बंद आणि तासाभराने पुन्हा चालू. वय तेव्हा ४१. पाच महिन्यांपूर्वी तिची गर्भाची पिशवी काढली होती. फायब्रॉइडच्या गाठी होत्या, पाळीत इतकं रक्त जायचं की हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. ऑपरेशन गरजेचंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर दीड वर्ष तिला कोणी काही समजावून सांगितलं नाही याची. भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच वाक्य बोलून जायची, "सुटलंस गो बाय!"

रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचं डिस्चार्ज कार्ड घडी घालून ठेवलेलं होतं. त्यावर एक ओळ होती: 'टी.ए.एच. विथ बी.एस.ओ.' तिच्या रात्रींचं उत्तर त्या शेवटच्या तीन अक्षरांत होतं.

"पिशवी काढली की पाळी जाते, म्हणजे रजोनिवृत्ती झाली"

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बाकीचे बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात. पाळीचं रक्त येतं गर्भाशयातून. ते काढलं की पाळी थांबणारच. पण रजोनिवृत्ती ठरते ती गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या अंडाशयांवर, ज्यांना आपण ओव्हरीज म्हणतो. ओव्हरीज जागेवर असतील तर पाळी नसली तरी त्यांचं हार्मोन बनवण्याचं काम चालू राहतं. फार तर त्या नेहमीपेक्षा काही वर्षं आधी थकतात.

कार्डावरचं 'टी.ए.एच.' म्हणजे पोटावर छेद देऊन गर्भाशय काढलं, आणि 'बी.एस.ओ.' म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशय काढले. एका बाजूचंच काढलं असेल तर तिथे 'यू.एस.ओ.' असतं. नुसतं 'बी.एस.' असेल तर फक्त नळ्या काढलेल्या असतात, अंडाशय शाबूत असतात. सिंधुदुर्गातल्या बायका ऑपरेशनला कोणी गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जातात, कोणी ओरोसला, कोणी घाट चढून कोल्हापूरला. पुढचं दुखणंखुपणं मात्र गावातल्या नाहीतर मालवणातल्या डॉक्टरला दाखवतात, आणि त्यांना तिकडे काय झालं ते ठाऊक नसतं. म्हणून ते कार्ड आणि काढलेल्या भागाचा बायोप्सी रिपोर्ट आयुष्यभर जपायचा. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवायचा.

"वाफा काय सगळ्यांनाच येतात, सहन करायच्या"

आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. तिथवर पोचायला शरीराला काही वर्षं मिळतात. इस्ट्रोजेन कधी चढतं, कधी उतरतं, आणि मेंदू, हाडं, कातडी हळूहळू सावरून घेतात. दोन्ही अंडाशय काढल्यावर तेच इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांत तळाला जातं. त्यामुळे वाफा, म्हणजे अचानक अंगभर उसळणारी उष्णता आणि घाम, तीव्र येतात, कधी ऑपरेशननंतरच्या पहिल्याच आठवड्यात. झोप तुटते, छातीत धडधडतं, सांधे आखडतात, नावं आठवत नाहीत, कारण नसताना रडू फुटतं. अंडाशयांत टेस्टोस्टेरॉनही बनतं. तेही घटतं, त्यामुळे अंगातली उमेद कमी झाल्यासारखी वाटते.

मावशीची रात्रीची धडधड आणि रडणं पाहून घरात 'बाहेरचं' असेल अशी चर्चा झाली. देवळात गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याने माणसाला धीर येतो हे मी मानते, मी स्वतः तिच्यासोबत उभी होते. पण धडधडीचं कारण त्या कार्डावर लिहिलेलं होतं, आणि गाऱ्हाणं घालून आल्यावरही ते कोणी वाचलं नाही.

सहन करण्याची किंमतही मोठी असते. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेले आणि उपचार झाला नाही, तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. हाडांची झीज पहिल्या काही वर्षांतच सर्वांत वेगाने होते आणि ती दुखत नाही. कळते ती मनगट मोडल्यावर.

"हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो"

या भीतीने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. २००२ साली अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवण्यात आला. त्यातल्या बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन एकत्र दिली जात होती, आणि त्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. दर १०,००० बायकांमागे वर्षाला सुमारे ८ जास्त. बातमी जगभर गेली आणि अनेक डॉक्टरांनीही गोळ्या लिहिणं सोडलं.

बातमीतून दोन गोष्टी गळल्या. एक, त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. एकेचाळिशीत अंडाशय गेलेल्या बाईला त्यांच्या मापाने मोजता येत नाही. दोन, त्याच अभ्यासाचा दुसरा भाग पिशवी काढलेल्या बायकांवर होता आणि त्यांना फक्त इस्ट्रोजेन दिलं होतं. तो २००४ मध्ये पक्षाघाताचा धोका थोडा वाढल्यामुळे थांबवला, पण त्या बायकांत स्तनाचा कॅन्सर वाढलेला नव्हता. पुढे अनेक वर्षं पाहिल्यावर तर तो कमीच आढळला.

प्रोजेस्टिन देतात ते मुख्यतः गर्भाशयाच्या अस्तराला इस्ट्रोजेनपासून वाचवण्यासाठी. गर्भाशयच नाही तर बहुतेक बायकांना त्याची गरज उरत नाही. एंडोमेट्रिओसिस असेल किंवा गर्भाशयाचं तोंड ठेवलेलं असेल, तर डॉक्टर वेगळा विचार करतात. म्हणून तरुण वयात दोन्ही अंडाशय गेलेल्या बाईला, काही अडचण नसेल तर, साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असं जगभरातले तज्ज्ञ सांगतात. जे शरीरात असायला हवं होतं तेच आपण परत देत असतो.

अडचणी मात्र खऱ्या असतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार चालू असेल, तर हा मार्ग सहसा बंद. अशा बायकांसाठी वाफा कमी करणारी बिनहार्मोनची औषधं आहेत. गुठळीची भीती असलेल्यांना गोळीपेक्षा कातडीवर लावायचं जेल किंवा पॅच बरा. हे ठरवायचं स्त्रीरोगतज्ज्ञाने, शेजारणीची गोळी घेऊन पाहायची नाही.

"टाके सुकले, आता कामाला लागायला हरकत नाही"

आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बायका अशी ऑपरेशनं त्या दिवसांत उरकून घेतात. मावशीचंही जुलैच्या सुरुवातीला झालं, आणि होड्या समुद्रात गेल्यावर ती पाटी डोक्यावर घेऊन लिलावाला हजर. चौथा आठवडा जेमतेम संपला होता. बाहेरची कातडी दहा-बारा दिवसांत जुळते. आतले थर, आणि गर्भाशय काढल्यावर योनीच्या वरच्या टोकाला घातलेले टाके, यांना सहा ते आठ आठवडे लागतात. दुर्बिणीतून झालं असेल तर बाहेर खुणा बारीक असतात, पण आतले टाके तेच. तोवर चार-पाच किलोच्या वर उचलू नये. बारा लिटरची भरलेली कळशी बारा किलोंच्या वर जाते, माशांची पाटी त्याहून जड. चिरे उचलण्याचं आणि भातलावणीचं नावच नको.

याच्या उलट चूकही तितकीच होते. महिनाभर खाटेवर पडून राहिलं तर पायांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. दुसऱ्या दिवसापासून घरात, आठवड्याभराने खळ्यात, मग रस्त्यावर, असं चालणं वाढवत न्यायचं. लांबून गाडीने घरी येताना वाटेत उतरून चार पावलं टाकायची, आणि खोकताना पोटावर उशी धरायची.

थोडं लालसर, तपकिरी जाणं काही आठवडे चालतं. पण तासाभरात पॅड भिजत असेल, घाण वास येत असेल, ताप १०० च्या वर राहत असेल, एक पोटरी सुजून दुखत असेल, धाप लागत असेल किंवा लघवी आपोआप गळत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

"मासे बंद, फक्त पेज"

उकड्या तांदळाची पेज पहिल्या दिवसांत पोटाला बरी. दीड महिना नुसत्या पेजेवर जखम कशी भरेल? तिला प्रथिनं लागतात आणि मासे हे आपल्या दारातलं उत्तम प्रथिन. तारली काट्यांसकट शिजवून खाल्ली तर कॅल्शियमही मिळतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. नाचणीची आंबील आणि भाकरी ऑपरेशननंतर औषधासारखी धरावी.

"नाहीतरी पिशवीचं आता काय काम? पुढे कॅन्सर नको"

हे वाक्य बीडमध्ये काय करून गेलं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. देशभरातलं प्रमाण, १५ ते ४९ वयोगटात, सुमारे ३ टक्के. अनेकींना अंगावरून पांढरं जातं एवढ्यावरून कॅन्सरची भीती घातली होती. खाडा झाला की मुकादम पैसे कापायचा, म्हणून पाळीच नको असंही कित्येकींना वाटत होतं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला.

पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या औषधांनी बरं होतं. जास्त रक्तस्रावावरही आधी गोळ्या आणि हार्मोनची तांबी हे उपाय आहेत. आणि पिशवी काढायचीच ठरली तर सही करण्याआधी एवढं विचारा: अंडाशय ठेवणार का, काढणार असाल तर कशासाठी?

"आता बाईपण संपलं"

गर्भाशय मुठीएवढं असतं. ते गेल्यावर आत पोकळी राहत नाही, आतडी त्या जागी सरकतात. शरीरसंबंध साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, डॉक्टरने तपासून हो म्हटल्यावर. पुढे दुखतं ते बहुधा इस्ट्रोजेनअभावी आलेल्या कोरडेपणामुळे, आणि त्यासाठी तिथे लावायचं मलम मिळतं. मावशीने हे मला कुजबुजत विचारलं, स्वयंपाकघरात, नळ चालू ठेवून. दीड वर्षात तिने ते कोणालाच विचारलं नव्हतं, काकांनाही नाही.

मग मीच तिला कार्ड घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. हाडांची घनता तपासली, स्तनांची तपासणी झाली, रोज मांडीवर लावायचं जेल सुरू झालं. पन्नाशीला पुन्हा विचार करायचा असं ठरलंय. महिनाभरात वाफा कमी झाल्या, झोप यायला मात्र आणखी वेळ लागला. परवा तिच्याकडे राहिले होते. मध्यरात्री तिने हाक मारली. वारा सुटलाय, तेवढी चादर दे, म्हणाली.