भूजलाची खतावणी

विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण केलेली असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा कर्मचारी त्या खुणेला टेप धरतो, वजन लावलेलं टोक आत सोडतो आणि वजन पाण्याला टेकल्याचं हाताला जाणवलं की आकडा वाचतो. त्यातून कठड्याची उंची वजा केली की पाणी जमिनीपासून किती खोल आहे ते कळतं. काम एवढंच. पण ती वजाबाकी राहून गेली तर पाऊण मीटरची चूक होते, आणि इथे तालुक्याची पातळी नेहमीपेक्षा एक मीटर खाली गेली तरी टंचाईची चर्चा सुरू होते. पंप नुकताच बंद झाला असेल तर तीही पातळी खरी नव्हे. पाणी पुन्हा चढेपर्यंत थांबायचं, नाहीतर लाइट यायच्या आधी विहिरीवर पोचायचं.

महाराष्ट्रात अशा सुमारे 3,900 निरीक्षण विहिरी आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा त्यांची मोजणी होते. मेचा आकडा सांगतो पाणी कुठवर गेलं, ऑक्टोबरचा सांगतो पावसाने किती भरून दिलं. राज्याच्या भूजलाचा सगळा हिशेब या दोन आकड्यांमधल्या फरकावर उभा आहे.

ही यंत्रणा जन्माला आली ती मात्र हिशेबासाठी नव्हे. 1972च्या दुष्काळाच्या काळात, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, गावोगाव पिण्याचं पाणी शोधायला भूवैज्ञानिक हवे होते. पुण्यात मुख्यालय आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यालयं असलेलं हे खातं आज पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाखाली चालतं. त्या काळी ते ओळखलं जायचं बोअरच्या गाडीवरून. दाबाच्या हवेने कठीण खडक फोडत जाणारी यंत्रं तेव्हा नुकतीच आली होती. हाताने विहीर खोदायला महिने लागत, तिथे ही यंत्रं दिवसभरात बोअर पाडत. बोअरवर बसायचा हापसा. देशभर पसरलेल्या ‘इंडिया मार्क 2’ या हापशाचा पूर्वज सोलापूरचा होता. गावाने मागावं आणि खात्याने जागा दाखवावी, असं ते नातं होतं. ‘पाणी कुठे लागेल?’ हा एकच प्रश्न होता.

त्याचं उत्तर सोपं नव्हतं, कारण राज्याचा सुमारे 82 टक्के भाग एकाच खडकावर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. विहीर खोदणाऱ्यांना त्याचे प्रकार पुस्तकाविना कळतात. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मुरूम म्हणजे झिजलेला, भुसभुशीत झालेला खडक. पाणी मुरतं आणि साठतं ते मुख्यतः त्यात. मांजऱ्या म्हणजे लाव्हातल्या वायूंच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेला थर. त्यातली बरीच भोकं नंतर पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असतात, म्हणून भोकाळ दिसणारा प्रत्येक थर पाणी देतोच असं नाही. काळ्या पाषाणात पाणी मिळतं ते फक्त भेगांमधून. दोन लोटांच्या मध्ये कधी तांबड्या, चिकण्या गेरूचा पट्टा येतो आणि पाण्याची खाली जायची वाट अडवतो. एका बांधाच्या अलीकडची बोअर भरभरून चालते आणि पलीकडची कोरडी धूळ उडवते, त्याचं कारण या रचनेत आहे.

भेग कुठे आहे ते वरून दिसत नाही, म्हणून भूवैज्ञानिक जमिनीला वीज देऊन बघतो. चार सळया एका सरळ रेषेत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांमधून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोघींमध्ये किती दाब पडतो ते मीटरवर वाचायचं. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की प्रवाह अधिकाधिक खोलवरून फिरून येतो. ओला मुरूम विजेला फारसा अडवत नाही, अखंड पाषाण जोरात अडवतो. या वाचनांचा आलेख मांडला की किती खोलीवर खडक बदलतो याचा अंदाज येतो. पण तो अंदाजच. शेजारी हातावर नारळ उभा राहतो का बघणारा पाणाडी मात्र ‘इथे, दीडशे फुटांवर, दोन इंची’ असं ठासून सांगतो. लाखभर रुपये बोअरमध्ये घालायला निघालेल्या शेतकऱ्याला ठाम बोलणारा माणूस जवळचा वाटतो, यात नवल नाही. फसलेल्या बोअरची नोंद पाणाडी ठेवत नाही. खात्याच्या दप्तरात ती राहते आणि पुढच्या नकाशाला उपयोगी पडते.

बोअर पाडण्याइतकंच बंद पडत चाललेल्या बोअरला जगवण्याचं कामही या खात्याने केलं आहे. मोठ्या दाबाने पाणी सोडून बुजलेल्या भेगा मोकळ्या करायच्या. पाणी उताराकडे निसटत असेल तर स्रोताच्या खालच्या अंगाला बोअर घेऊन भेगांत सिमेंट भरायचं. विहिरीभोवती कडं करून उथळ बोअर घ्यायच्या, त्यांत सुरुंग उडवायचे आणि आजूबाजूच्या भेगा एकमेकींना जोडायच्या. याला ‘जॅकेट वेल’ म्हणतात. सरकारी भाषेत या सगळ्या ‘अपारंपरिक उपाययोजना’. पिण्याच्या पाण्यापुरत्या त्या चालतात. शिवारभर पंप लागलेले असतील तर भेग मोकळी करूनही तिच्यात यायला पाणी उरलेलं नसतं.

खात्याचा प्रश्न बदलला तो इथे. विजेचे पंप आणि खासगी बोअरच्या गाड्या आल्यावर पाणी शोधणारे खूप झाले. मग उरलं किती, हे सांगणारं कुणीतरी लागतं. त्यासाठी केंद्राने भूजल अंदाज समिती नेमून 1984 मध्ये एक पद्धत ठरवून दिली. 1997 आणि 2015 मध्ये ती सुधारली. महाराष्ट्राने हिशेबासाठी राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट पाडले आणि त्यांना खोऱ्यांनुसार क्रमांक दिले. भीमेच्या पाणलोटाला ‘बीएम’, गोदावरीच्या पाणलोटाला ‘जीव्ही’. तालुक्याची हद्द पाण्याला कळत नाही, पाणलोटाची कळते.

हिशेबाची रीत कुणालाही करून बघता येते. एक चौरस किलोमीटर शिवार घेऊ, म्हणजे 100 हेक्टर. मे ते ऑक्टोबर तिथल्या विहिरींची पातळी 3 मीटर चढली. पण 3 मीटर खडक म्हणजे 3 मीटर पाणी नव्हे. झिजलेल्या बेसॉल्टमधून पंपाने खेचून निघू शकणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरतात. गुणाकार केला की 60,000 घनमीटर येतात, म्हणजे 6 कोटी लिटर. ऐकायला मोठा आकडा. आता उसाला वर्षाला सुमारे 2,000 मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर एका हेक्टरला 20,000 घनमीटर झाले. 100 हेक्टरांच्या पोटात पावसाने भरलेलं सगळं पाणी 3 हेक्टर उसात संपतं. माणसं, गुरं, ज्वारी, कांदा यांच्यासाठी काही राहत नाही. तापी आणि पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यांत वाळू बेसॉल्टच्या कितीतरी पट पाणी सोडते. म्हणून तिथे केळी उभी राहिली, आणि उपसाही तितकाच वाढला. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आणि वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजलाचं खातं तुटीत गेलं.

वर्षाला जेवढं पाणी उपशासाठी उपलब्ध होतं, त्याच्या 70 टक्क्यांपर्यंतच उपसा असेल तर पाणलोट ‘सुरक्षित’. 90 टक्क्यांपर्यंत ‘अंशतः शोषित’, 100 टक्क्यांपर्यंत ‘शोषित’, आणि त्यापुढे ‘अतिशोषित’. गावात मात्र कुणी हे शब्द वापरत नाही. ‘आमचं डार्क झोनमध्ये आहे’ एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं.

हे वर्गीकरण नकाशावर उतरतं. उपग्रहाची छायाचित्रं, भूरूपं, खडकांचे प्रकार, भेगांच्या रेषा आणि विहिरींच्या नोंदी एकावर एक ठेवून 1:50,000 प्रमाणाचे भूजल संभाव्यता नकाशे तयार झाले. केंद्रीय भूजल मंडळाने 2012 पासून देशभर जलधरांचं नकाशीकरण हाती घेतलं आणि 2023 पर्यंत सुमारे 25 लाख चौरस किलोमीटर क्षेत्र पुरं केलं. नकाशा आजची स्थिती सांगतो. उद्याची सांगायला प्रतिमान लागतं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 1980च्या दशकात तयार केलेलं आणि सर्वांना खुलं असलेलं ‘मॉडफ्लो’ हे त्यातलं सर्वांत रुळलेलं. जमिनीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला खडकाचे गुण द्यायचे, आणि हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्ये मांडलेल्या नियमाने पाणी एका चौकोनातून शेजारच्यात किती सरकेल ते संगणकाने काढायचं. मग विचारता येतं: इथे पन्नास बोअर वाढल्या तर पाच वर्षांनी पातळी कुठे असेल?

गाळाच्या खोऱ्यात हे बरं जुळतं. बेसॉल्टमध्ये अडचण येते, कारण प्रतिमान चौकोनभर खडक सारखा आहे असं मानतं आणि प्रत्यक्षात त्यातलं सारं पाणी एका भेगेतून धावत असतं. तरी ही अडचण शास्त्रातली आहे. जास्त विहिरी, जास्त नोंदी, बारीक चौकोन यांनी ती कमी होत जाईल. खतावणीतला खरा कच्चा रकाना उपशाचा आहे. जमेची बाजू टेपने मोजलेली असते. खर्चाची बाजू अंदाजाने भरतात: पाणलोटात विहिरी किती, त्यांवर पंप किती, एका विहिरीतून वर्षाला साधारण किती पाणी जातं, किंवा कोणतं पीक किती क्षेत्रावर आहे. पंप किती तास चालला याची वही नाही, विहिरीवर पाण्याचं मीटर नाही. 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल नाही, त्यामुळे बिलावरून माग काढायचं कारणही उरलेलं नाही. प्रतिमान कितीही सुधारलं तरी त्यात अंदाजच घातला तर अंदाजच बाहेर येणार.

कायद्याने हा रकाना भरायचा प्रयत्न झाला. 1993च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली. 2009चा कायदा पुढे गेला. 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध, अधिसूचित पाणलोटांत पीकरचनेचा विचार हे त्यात आहे. पण रात्रीतून बोअर पाडून सकाळपर्यंत दुसऱ्या तालुक्यात पोचणाऱ्या गाडीमागे कोण धावणार? भूवैज्ञानिकाकडे रेझिस्टिव्हिटी मीटर असतो, पोलिसाचा दंडुका नसतो. गावातली माणसंही बोअर घेणाऱ्या शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करून वैर घेत नाहीत.

म्हणूनच अलीकडे भर गावाच्या ताळेबंदावर आला. डिसेंबर 2019 मध्ये केंद्राने सात राज्यांसाठी जाहीर केलेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्राचे 13 जिल्हे घेतले गेले. तिच्यात गावातच पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची आणि जमाखर्च ग्रामसभेत मांडायचा असं ठरलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे योजनेच्या कितीतरी आधी केलं होतं. तिथे शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि पाऊस किती झाला त्यावर रब्बीत काय पेरायचं ते गाव बसून ठरवतं.

ऑक्टोबरच्या मोजणीनंतर यंत्रणा पातळीची मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करते आणि संभाव्य टंचाईचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्यावरून आराखडा बनतो: टँकर किती, कोणत्या विहिरी अधिग्रहित करायच्या, कुठे तात्पुरती नळयोजना टाकायची. खातं वेळेवर सांगतं, प्रशासन वेळेवर तयारी करतं, आणि एप्रिलमध्ये टँकर सुरू होतात. पण तोच आकडा त्याच ऑक्टोबरमध्ये पेरणीसाठीही कामाचा असतो. हरभरा घालायचा की गहू, नव्या उसाला हात घालायचा की नाही, हे तेव्हाच ठरत असतं. शासनाने त्याचा उपयोग आजवर प्रामुख्याने टँकरसाठी केला. जी गावं तो पेरणीआधी वाचतात, त्यांच्या उपशाचा रकाना अंदाजाने भरावा लागत नाही, कारण काय पेरलं आणि त्याला किती पाणी दिलं हे त्यांनीच ठरवलेलं असतं.